शुगर, रोजा आणि रुखसत

मधुमेह असताना रमजानचे रोजे धरावेत का, धरले तर कसे, आणि मध्येच कधी थांबावे, याची उत्तरे डॉक्टरांकडे आहेत आणि धर्माकडेही. गाडी अडते ती घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या संकोचापाशी.

इंदापूर तालुक्याचे नाव घेतले की साखर आलीच. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे कारखाने इथले. शेजारच्या बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकणे इथल्या माणसाला नवे नाही. पण अलीकडे ‘शुगर’ हा शब्द दुसऱ्याच अर्थाने घरोघरी पोहोचला आहे. ‘अब्बांना शुगर निघाली’, ‘मामींची शुगर फार वाढली’, अशी वाक्ये आता बाजारात, एसटीत आणि लग्नाच्या पंगतीत सहज कानावर पडतात. या आजाराला जात-धर्म कळत नाही. दिंडीत चालणाऱ्या माळकऱ्याला तो आहे, पेढीवरच्या शेठजींना आहे आणि मशिदीत पहिल्या सफमध्ये उभ्या राहणाऱ्या बुजुर्गांनाही आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमधील प्रमाण ११.४ टक्के. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. ‘हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्या जाड माणसांचा आजार’ ही समजूत तर आपल्याच जिल्ह्यातल्या संशोधनाने केव्हाच मोडीत काढली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. दिसायला बारीक, पण शरीरात चरबीचा वाटा जास्त, अशी भारतीय शरीराची ठेवण त्यातून जगापुढे आली. म्हणजे भाजीचा गाडा ढकलणारा किंवा उसाच्या फडात राबणारा सडपातळ माणूसही मधुमेही असू शकतो. अनेकदा ते त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

रमजान आला की यातल्या मुस्लिम रुग्णांपुढे एक प्रश्न उभा राहतो. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, तेव्हा आपल्याकडे रोजा साधारण तेरा तासांचा असतो. चांद्रवर्षामुळे हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मे-जूनमध्ये येतो तेव्हा रोजा साडेचौदा तासांच्या घरात जातो. निरोगी माणूस हे तास सबुरीने काढतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या शरीरात मात्र याच तासांत निराळे गणित चालू असते.

शेवटचा दीड तास

साठीतल्या एखाद्या अम्मीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटे चारला उठून तिने सगळ्यांसाठी भाकरी थापली, सालन गरम केले, मुलांना उठवले. सगळे जेवेपर्यंत वेळ संपत आली, म्हणून स्वतः चहात दोन बिस्किटे बुडवून खाल्ली. रोज सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची गोळी ‘आज सकाळी खाणे नाही’ म्हणून सहरीलाच घेतली. दुपारपर्यंत काही जाणवले नाही. पाचच्या सुमारास इफ्तारची भजी तळताना हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला, छातीत धडधडले. सून म्हणाली, ‘अम्मी, पाणी प्या.’ अम्मी म्हणाल्या, ‘आता काय, दीड तासच तर राहिला.’

हे एका घराचे चित्र म्हणून वाचू नका. तपशील थोडाफार बदलला तर ते कुठल्याही गावात, कुठल्याही मोहल्ल्यात बसते. ‘दीड तासच राहिला’ हे वाक्य यात सर्वांत धोक्याचे आहे.

खाणे थांबल्यावर काही तास आधीच्या जेवणातली साखर पुरते. मग यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडू लागते. निरोगी शरीरात स्वादुपिंड हे ओळखून इन्सुलिन कमी करते आणि तोल राहतो. मधुमेहाच्या काही गोळ्या मात्र पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. टोचलेले इन्सुलिनही रोजा आहे म्हणून थांबत नाही. साठा रिकामा होत जातो आणि औषध आपले काम करत राहते. म्हणून दुपार उलटून गेल्यावर, नेमकी इफ्तार जवळ आल्यावर, साखर घसरण्याची भीती जास्त असते. साखर फार उतरली की मेंदूला इंधन कमी पडते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, भोवळ येऊन पडतो, बेशुद्ध होतो. अशा वेळी तो चुलीपुढे असेल, जिन्यावर असेल किंवा पुणे-सोलापूर महामार्गावर ट्रकच्या स्टिअरिंगमागे असेल, तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही.

दुसरा धोका उलट दिशेचा. रोजा आहे म्हणून काही जण औषधच बंद करतात आणि इफ्तारला सरबत, खजूर, भजी, जिलेबी यांवर तुटून पडतात. साखर तीनशे-चारशेवर जाते. लघवीवाटे पाणी निघून जाते, दिवसभर पाणी प्यायचे नसते, शरीर कोरडे पडते. टाइप एक मधुमेहात, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही त्यांच्यात, रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येऊ शकतो.

हा धोका मोजलेला आहे. २००१ मध्ये १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली. ‘एपिडायर’ नावाने ती वैद्यकीय जगात ओळखली जाते. टाइप दोनच्या सुमारे ७९ टक्के आणि टाइप एकच्या सुमारे ४३ टक्के रुग्णांनी रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे धरल्याचे त्यात आढळले. रुग्णालयात दाखल व्हावे लागेल इतकी साखर उतरण्याच्या घटना इतर महिन्यांच्या तुलनेत टाइप एकमध्ये ४.७ पट आणि टाइप दोनमध्ये ७.५ पट झाल्या होत्या. म्हणजे ‘रोजे धरू नका’ एवढे सांगून भागत नाही; बहुतेक जण धरतातच. ते नीट कसे धरायचे आणि कुणी धरूच नयेत, हे रमजानच्या आधी सांगणे जास्त उपयोगाचे.

धर्माने दिलेली सूट

रोजा फर्ज कसा झाला हे कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये, सूरह बकरहच्या १८३ ते १८५ या आयतींत येते. त्याच ठिकाणी, त्याच श्वासात, आजारी आणि प्रवासी यांना सूटही आली आहे. आजारी माणसाने राहिलेले रोजे नंतरच्या दिवसांत भरून काढावेत, यालाच ‘कजा’ म्हणतात. ज्याला पुढेही रोजा झेपणार नाही, त्याने एका रोजाच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालावे, हा ‘फिदया’. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, कष्टवणे नको, हा आशयही तिथलाच. आज्ञा आणि सवलत एकाच जागी आहेत. एक वाचायची आणि दुसरी गाळायची, असे करता येत नाही.

हदीसच्या ग्रंथांत मक्काविजयाच्या वर्षीचा, म्हणजे हिजरी सन ८ मधला, एक प्रसंग नोंदलेला आहे. रमजान होता, प्रवास लांबचा होता आणि लोकांना रोजा जड जात होता. पैगंबर साहेबांनी पाण्याचा प्याला मागवला, सगळ्यांना दिसेल असा वर उचलला आणि लोकांसमक्ष पाणी प्यायले. तरीही काही जणांनी रोजा पुढे चालू ठेवल्याचे कळले, तेव्हा त्यांनी नापसंती दाखवली. यात ‘सगळ्यांना दिसेल असा’ हा भाग महत्त्वाचा. सूट घेणे लपवण्यासारखे नाही, हे कृतीतून दाखवले गेले.

या सवलतीला उर्दूत आणि फिकहच्या भाषेत ‘रुखसत’ म्हणतात. मराठी कानाला रुखसत म्हणजे निरोप, मुलीची पाठवणी. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ परवानगी, सुट्टी. आजाऱ्याला मिळालेली ही सुट्टी मालकानेच दिलेली आहे, ती मागायलाही लागत नाही. पण आपल्या बोलण्यात मात्र दुसरे शब्द रुळले आहेत. सूर्यास्ताला आपण रोजा ‘सोडतो’ आणि दुपारी पाणी प्यायला लागले तर रोजा ‘मोडतो’. उपवासाचेही तसेच, संकष्टीला चंद्र पाहून उपवास सोडायचा, आणि चुकून शेंगदाण्यांऐवजी फुटाणे तोंडात गेले तर उपवास मोडला. ‘मोडला’ या शब्दात काहीतरी तुटल्याची, हरल्याची खंत भरलेली आहे. ती खंत पाण्याच्या पेल्यापेक्षा जड होते आणि माणूस थरथरत्या हातांनी घड्याळाकडे बघत बसतो.

मोहल्ल्याची नजर ही आणखी एक गोष्ट. ‘रोजा नाही का?’ हा प्रश्न बहुतेकदा प्रेमाने, सवयीने विचारला जातो. ऐकणाऱ्याला मात्र तो हजेरीसारखा लागतो. मग डॉक्टरांनी मनाई केलेला माणूस दिवसभर ओठ कोरडे ठेवून रोजा असल्याचे भासवतो, दुपारची गोळी चुकवतो किंवा कोपऱ्यात लपून रिकाम्या पोटी घेतो. तरुण पोराला टाइप एक असेल तर मित्रांना कळू नये म्हणून तो इन्सुलिनच टाळतो. रमजानचा अदब म्हणून चारचौघांत खाऊ नये, हे समजण्यासारखे आहे. पण स्वतःच्या घरात औषध घ्यायला आडोसा शोधावा लागत असेल, तर चूक आजाऱ्याची नाही.

आणखी एक गैरसमज सुयांचा. बोट टोचून साखर तपासली तर रोजा जातो, असे अनेकांना वाटते. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मधील ठरावात तपासणीसाठी रक्त देणे आणि पोषणाचे नसलेले उपचाराचे इंजेक्शन यांनी रोजा तुटत नाही, असे स्पष्ट केले आहे. शिरेतून दिलेले पोषक सलाइन मात्र त्यात येत नाही. शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना किंवा मुफ्ती साहेबांना जरूर विचारावे. फक्त विचारताना डॉक्टरांनी काय सांगितले तेही सांगावे. आजार किती गंभीर आहे हे ठरवताना जाणत्या वैद्याचे मत धरायचे, ही फिकहची जुनी रीत आहे.

तयारी शाबानमध्ये

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि ‘डायबेटिस अँड रमजान’ या तज्ज्ञगटाने मिळून मार्गदर्शिका काढली आहे. पहिली २०१६ मध्ये आली, सुधारित २०२१ मध्ये. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, अशी तिची शिफारस आहे. मधुमेह कोणत्या प्रकारचा, किती वर्षांचा, औषध कोणते, मूत्रपिंड कसे आहे, पूर्वी साखर उतरली होती का, अंगमेहनतीचे काम आहे का, रोजा किती तासांचा, मागच्या रमजानचा अनुभव काय, अशा प्रश्नांना गुण देऊन धोका कमी, मध्यम की जास्त हे त्यात ठरवले जाते. फडात ऊस तोडणारा आणि दुकानात गल्ल्यावर बसणारा, दोघांची साखर सारखी असली तरी दोघांचा रोजा सारखा नसतो, हे या गुणपत्रिकेने मान्य केले आहे.

कुणी रोजा धरू नये, याबाबत तज्ज्ञांचे बहुतांशी एकमत आहे. नियंत्रणात नसलेला टाइप एक मधुमेह. गेल्या तीन महिन्यांत शुद्ध हरपण्याइतकी साखर उतरलेली असणे. साखर उतरल्याची जाणीवच न होणे. डायलिसिसवर असणे किंवा मूत्रपिंड बरेच निकामी झालेले असणे. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असलेली मधुमेही गर्भवती. आणि वयाने थकलेला, एकटा राहणारा रुग्ण. यांच्यासाठी रुखसत आहे आणि त्यांनी ती घ्यावी.

धोका कमी असलेल्यांचे रोजे सहसा नीट पार पडतात. औषधाच्या वेळा मात्र बदलाव्या लागतात. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर फारशी उतरत नाही. दिवसातून तीनदा असेल तर डॉक्टर तिची विभागणी इफ्तार आणि सहरीत करून देतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि विशेषतः जुनी ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या साखर उतरवू शकतात. त्यांचा मुख्य डोस सहसा इफ्तारला नेला जातो आणि सहरीचा कमी केला जातो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असतील तर इफ्तारला देतात आणि रात्री पाणी भरपूर प्यायला सांगतात. इन्सुलिनचे प्रमाणही बदलते, सहरीच्या वेळचे तर बऱ्यापैकी कमी होते. अम्मींची चूक हीच होती. सकाळची गोळी त्यांनी स्वतःच्या मनाने सहरीला ढकलली आणि खाल्ले मात्र बिस्किट. हा बदल शेजारणीला, मेव्हण्याला किंवा औषधाच्या दुकानदाराला विचारून करायचा नसतो. कुणाला किती कमी, हे त्याचे त्याचे डॉक्टरच ठरवतात.

शिकवण्याने फरक पडतो का? ब्रिटनमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे उत्तर स्पष्ट आहे. रमजानपूर्वी माहितीवर्गाला बसलेल्या रुग्णांमध्ये साखर उतरण्याच्या घटना ९ वरून ५ वर आल्या. वर्गाला न बसलेल्यांमध्ये त्या ९ वरून ३६ वर गेल्या. दोन्ही गटांनी रोजे धरलेच होते.

यासाठी पुण्या-मुंबईला जायला नको. इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय आहे, भिगवण आणि बावड्याची ग्रामीण रुग्णालये आहेत, गावोगाव प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह-रक्तदाबाची चाचणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. आशाताई त्यासाठी दारात येऊन फॉर्म भरतात. त्यांच्याशी बोलताना ‘रमजानमध्ये रोजे धरणार आहे’ हे एक वाक्य रुग्णाने आपणहून सांगितले तरी पुष्कळ काम होते.

दस्तरखान आणि तरावीह

सहरी टाळून रोजा धरणे मधुमेह्याने करूच नये. सहरी शक्य तितकी उशिरा, वेळ संपायच्या जरा आधी करावी. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ किंवा डाळ, एखादे अंडे, दही, काकडी असे सावकाश पचणारे अन्न दुपारपर्यंत साथ देते. चहा-बिस्किट, पाव किंवा गोड शेवया तासा-दोन तासांत उडून जातात. भाकरी आपल्या मातीतलीच आहे. रमजानसाठी वेगळे काही विकत आणायला नको.

इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडावा, सुन्नतही राहते आणि साखरही आवाक्यात. मग नमाज, आणि नंतर साधे जेवण. मधल्या वेळेत लाल सरबत, उसाचा रस, फालुदा, तळलेले समोसे आणि भजी यांची जी रास ताटात पडते तिथे घोटाळा होतो. ‘गुळाचा चालतो’ ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे. रक्ताला गूळ आणि साखर यांत फारसा भेद कळत नाही. भिगवणची ताजी मच्छी तव्यावर परतून, सोबत कोशिंबीर आणि एखादी भाकरी, याहून चांगली इफ्तार मधुमेह्याला कोणती? इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी थोडे थोडे करून भरपूर प्यावे. फळात डाळिंबाची वाटी चालेल, डाळिंबाच्या रसाचा मोठा ग्लास नको. ईदच्या दिवशीही हेच. शीरखुर्मा घरोघरी चाखायचा तर प्रत्येक घरी एक चमचा. वाटी एकाच घरी.

तरावीहच्या वीस रकअतींत उठणे, वाकणे, सजदा करणे हा चांगला व्यायाम होतो, त्यामुळे रात्री वेगळे चालायला गेले नाही तरी चालते. तरावीहला जाताना खिशात साखरेची पुडी आणि सोबत पाण्याची बाटली असावी. दुपारनंतर जड काम मात्र टाळावे. ज्यांना ते टाळताच येत नाही, त्यांनी आपल्या धोक्याचा विचार वेगळा करावा.

रोजा केव्हा थांबवायचा

घरात ग्लुकोमीटर असेल तर सहरीपूर्वी, सकाळी, दुपारी, दुपार उलटल्यावर, इफ्तारआधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी, यांतल्या डॉक्टर सांगतील त्या वेळांना साखर पाहावी. जीव घाबरला की वेळ न पाहता तपासावी. मोजमाप मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे.

• साखर ७० पेक्षा कमी: रोजा लगेच थांबवा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा घ्या, मग काहीतरी खा.

• ७० ते ९०: तासाभरात पुन्हा तपासा. उतरत चालली असेल तर वाट पाहू नका.

• ३०० पेक्षा जास्त: रोजा थांबवा, पाणी प्या, डॉक्टरांना कळवा.

• यंत्र नाही, पण घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी किंवा गोंधळल्यासारखे होत आहे: साखर उतरली असे समजून रोजा थांबवा.

• उलट्या, जुलाब, ताप: त्या दिवशी रोजा नको.

• माणूस बेशुद्ध असेल: तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

• गाडी चालवत असाल: आधी कडेला थांबा, मग पुढचे सगळे.

शेजाऱ्यांचा वाटा

हा प्रश्न फक्त मुस्लिम घरांचा आहे, असे वाटत असेल तर जरा आषाढीच्या वाटेकडे पाहावे. तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. बेलवाडीचे रिंगण पाहून हजारो वारकरी उन्हा-पावसात चालत असतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या पिशवीत शुगरच्या गोळ्या असतात. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी आणि निरंकार राहणाऱ्या काकू, पर्युषणात उपवास करणारे जैन व्यापारी, एकादशीला साबुदाण्याची खिचडी भरपेट खाऊन साखर वाढवून घेणारे आजोबा, यांचे प्रश्न आतून एकच आहेत. गोळी तशीच, पोट रिकामे किंवा नको त्याने भरलेले, आणि ‘आता कशाला मोडायचा’ हा हट्टही तोच. उपवासाची भाषा या तालुक्यात सगळ्यांना कळते, म्हणून एकमेकांना सांगण्याचा हक्कही सगळ्यांना आहे.

कारखान्यात, शाळेत, एसटी डेपोत, बाजार समितीत शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मधुमेह आहे आणि तो रोजाला आहे, हे माहीत असेल तर दुपारनंतर त्याच्याकडे लक्ष असू द्यावे. तो उगाच चिडू लागला, बोलताना अडखळू लागला, गारठ्यातही घामाघूम झाला तर ‘रोजा आहे, चालायचेच’ म्हणून सोडून देऊ नये. त्याला बसवावे, साखर द्यावी. ‘त्याच्या धर्मात आपण कसे पडायचे’ हा संकोच इथे नको. त्याच्या धर्मानेच याला परवानगी दिली आहे.

घरातल्यांचे काम त्याहून सोपे आणि त्याहून अवघड. पहाटे अम्मींनी सगळ्यांच्या शेवटी नव्हे, सगळ्यांच्या आधी जेवावे, ही जबाबदारी मुलांनी घ्यावी. ज्यांना रोजा मना आहे त्यांचे दुपारचे ताट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाकून न ठेवता नेहमीच्या जागी, नेहमीच्या मानाने वाढावे. फिदया द्यायचा असेल तर तो त्यांच्या हातून द्यावा. एखाद्या ऊसतोडणी कामगाराच्या कोपीवर त्यांच्या नावाने जेवण पोहोचले, तर त्यांचा रमजान रिकामा गेला असे कोण म्हणेल? आणि ज्यांना जमेल त्यांनी राहिलेले रोजे डॉक्टरांना विचारून डिसेंबर-जानेवारीत कजा करावेत. थंडीचे ते दिवस लहान असतात, तहानही कमी लागते.

मशिदींच्या हातात तर सर्वांत मोठी गोष्ट आहे. शाबानमधल्या एखाद्या जुम्म्याला खुतब्याआधीच्या बयानात पाच मिनिटे या विषयाला दिली, गावातल्या एखाद्या डॉक्टरला, मग तो कुलकर्णी असो की शेख, दोन शब्द बोलायला बोलावले आणि ‘शुगर उतरली तर रोजा थांबवा, गुन्हा नाही’ एवढे एक वाक्य मिंबराशेजारून ऐकू आले, तर दहा पत्रके वाटून होणार नाही ते काम होईल. डॉक्टरांचे सांगणे कानापर्यंत जाते. इमाम साहेबांनी सांगितले की ते घरापर्यंत जाते.

रोजाची नियत मनात होते आणि ती जाणणारा एकच आहे. ज्याने साखर सत्तरच्या खाली गेल्यावर पाण्याचा पेला उचलला, त्याच्या नियतीत त्याने खोट काढलेली नाही. मग ती आपण का काढावी?